चार्जर क्रमांक एक सुरू करण्यास मान्यता मिळणेबाबत

विजेच्या गाडीला वीज लागते, ही गोष्ट आमच्या घरात गाडी दारात येऊन उभी राहिल्यावर लक्षात आली. तेजल म्हणते, तिला आधीपासून ठाऊक होती. असेलही. पण सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या, बौद्धवाडीच्या गावमंडळाचा सचिव असलेल्या आणि शिवाय तिचा जन्मदाता असलेल्या रामजी गमरेला, म्हणजे मला, तसं कुणी लेखी कळवलेलं नव्हतं.

तेजल माझी एकुलती एक मुलगी. ऐरोलीला एका कंपनीत होती. थंडगार ऑफिस, गळ्यात ओळखपत्र, महिन्याच्या महिन्याला पगार. दिवाळीला आली आणि फराळाचं ताट पुढ्यात असताना म्हणाली, "बाबा, मी परत जाणार नाही. इथेच गाडी चालवणार." भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याशी ती बोलूनही आली होती. स्टेशनवरून त्याचे पाहुणे आणायचे, परत सोडायचे. थोडे महिने तो बघणार, जमलं तर कायमचं काम. नाही जमलं तर ऐरोलीच्या साहेबांनी तिची जागा तोवर राखून ठेवली होती.

मी म्हटलं, "बघू."

'बघू' हा शब्द नोकरीत मी हजारदा वापरला. 'हो' म्हटलं तर जबाबदारी येते, 'नाही' म्हटलं तर तक्रार येते. 'बघू' म्हटलं की फाईल सुखाने झोपते. मनातून मला पोरगी घरी हवी होती. आमच्या वाडीतली निम्म्याहून अधिक घरं कुलपात आहेत, माणसं मुंबईत. आपल्या घराला एक दिवस तेच कुलूप लागणार, हा विचार संध्याकाळी पडवीत बसलं की यायचा. पण असलं काही मुलांसमोर बोलायची आमच्यात पद्धत नाही. म्हणून 'बघू'.

तर गाडी आली. पहिल्या दिवशी खिडकीतून वायर बाहेर काढून घरच्याच प्लगला लावली. तेवढ्यात प्रभावतीने, म्हणजे माझ्या पत्नीने, खोबरं वाटायला मिक्सर सुरू केला. आमची लाईट गेली. मग शेजारची गेली. मग विहारातली गेली. वायरमन खांबावर चढला, उतरला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, गाडी चार्ज करताय की गाव बंद करताय?" हेडक्लार्कला सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे कुणी अपमान केला तरी तो आदराने होतो.

संध्याकाळी भागोजी आला. भागोजी रस्त्यापलीकडच्या कुणबीवाडीतला, त्याची आंब्याची कलमं आमच्या घरासमोरच आहेत. आंबा वर्षातून एकदा येतो, सल्ला मात्र बारमाही.

"भाऊसाहेब, यक सांगू काय? कोकणात लायटीवर इसवास ठेवून कोन गाडी घेतो? हितं वारा आला की लाईट जाते, आनि नाय आला तर उकाड्यानं जाते."

"मग काय करू म्हणतोस?"

"आता घेतलाव ना? मंग मोठा चार्जर बसवा. ह्या रस्त्यान् पावसला जानाऱ्या मुंबय-पुन्याच्या गाड्या किती! त्या पन थांबतील. पोरीची गाडी चार्ज होयल आनि वर चार मानसांची ओळख होयल."

भागोजीचा सल्ला पटणं ही माझ्या आयुष्यातली विरळा घटना. ती घडली, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या घरापुढे उतरता कातळ आहे. तिथे गाडी उभी केली तर भाट्याच्या समुद्रातच जाऊन थांबेल. सपाट जागा एकच, आमच्या पडवीच्या बगलेला असलेलं विहाराचं अंगण, रस्त्याला अगदी लागून. मी अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेलो. विहाराचं मीटर प्रार्थनास्थळ म्हणून आहे, त्यावर गाडी चार्ज करता येणार नाही, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, सध्या आमची गाडी प्रार्थनेवरच चालली आहे." त्यांनी ते टिपणीत घेतलं नाही. वेगळं मीटर हवं. त्यासाठी जागेची पाहणी हवी. पाहणीला माणूस आला तेव्हा तेजल गाडी घेऊन हायवेच्या चार्जरवर रांगेत उभी होती. त्याने लिहिलं, 'जागेवर एकही विद्युत वाहन आढळले नाही, सबब आवश्यकता दिसत नाही.' दुसऱ्यांदा तो आला तेव्हा गाडी अंगणातच होती, कारण तिच्यात हलण्याइतकी वीजच नव्हती. आवश्यकता सिद्ध झाली. आता फक्त जागामालकाची ना हरकत. जागामालक म्हणजे मंडळ.

इथे घाटावरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. कोकणातल्या वाडीचं एक मंडळ गावात असतं आणि एक मुंबईत. गावमंडळ काम करतं आणि मुंबई मंडळ 'कुणाला विचारून केलंत?' असं विचारतं. त्यामुळे शहाणी गावमंडळं आधी विचारतात आणि मग करतच नाहीत. आमच्यात मतदान नसतं. हात वर करून माणसं मोजली की पुढची पंधरा वर्षं हरलेला माणूस लग्नाला येत नाही. म्हणून एकमत होईपर्यंत बसायचं. विहाराला निळा रंग द्यायचा की पांढरा, यावर आम्ही असे बसलो होतो की आणलेला रंग डब्यात वाळला. शेवटी अर्धा निळा, अर्धा पांढरा दिला. दोन्ही मंडळं सारखीच नाराज झाली, म्हणजे न्याय झाला.

चार्जरच्या वेळी मात्र ना हरकत लवकर मिळाली. मुंबई मंडळाचा सचिव धम्मदीप, हुशार पोरगा, माझ्या चुलत्याचा नातू. तो फोनवर म्हणाला, "काका, गावात काहीतरी येतंय ना, येऊ दे. फक्त एक अट. चार्जरबद्दल जे काही ठरेल ते दोन्ही मंडळांच्या संमतीनं." ठराव मीच लिहिला. सुरेख लिहिला होता, स्वतःचा आहे म्हणून सांगत नाही.

मग खांब आला, पेटी आली, जाडजूड वायर आली. अर्थिंगसाठी कातळात खड्डा खणायला सुरुंगवाला बोलवावा की देव बोलवावा, असा प्रश्न पडला. खड्डा झाल्यावर त्यात मीठ आणि कोळसा घातला, आणि बसवणाऱ्याने सांगितलं की उन्हाळ्यात इथे रोज पाणी घाला. प्रभावतीने अबोलीला पाणी घालता घालता चार्जरलाही घालायला सुरुवात केली. भागोजी म्हणाला, "वैनी, म्हावऱ्याचं धुवन घाला, लवकर धरेल." प्रभावतीने घातलंही. पुढे कितीतरी दिवस वाडीतली सगळी मांजरं चार्जरभोवती बसून असत.

चार्जरबरोबर एक सॉफ्टवेअर आलं. पूर्वी म्हणे असल्या यंत्राचा कारभार बघायला कॉम्प्युटरवर ढीगभर खटपटी कराव्या लागत. आता फोनवर आपल्या भाषेत सांगायचं, की आतला एआय सहायक सगळं बघतो. चार्जर चालू करतो, बंद करतो, बिघाड झाला तर कळवतो, येणाऱ्या गाडीला वेळ देतो. हे सगळं तेजलने मला समजावलं आणि ती आंघोळीला गेली. मी फोन हातात घेतला आणि सवयीप्रमाणे लिहिलं, 'चार्जरची सद्यस्थिती तात्काळ कळवावी.'

उत्तर आलं, 'चार्जर क्रमांक एक सुस्थितीत आहे. वाहन जोडलेले नाही. माहितीस्तव सविनय सादर.'

माहितीस्तव सविनय सादर! मला भरून आलं. उभ्या नोकरीत माझ्या हाताखालच्या एकाही कारकुनाने असं वाक्य धड लिहिलं नाही. मी लिहून द्यायचो, ते त्यातही चुका करायचे. आणि इथे निवृत्त झाल्यावर, पडवीत लुंगीवर बसलेलो असताना, मला हवा होता तो कारकून मिळाला. चार्जर क्रमांक दोन आमच्याकडे नव्हता, तरी त्याने 'क्रमांक एक' लिहिलं होतं. याला म्हणतात कार्यालयीन संस्कार. कंपनीने त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. मी त्याला 'कनिष्ठ' म्हणू लागलो.

कनिष्ठने विचारलं, 'चार्जरसंबंधी मान्यता देण्याचे अधिकार कोणास द्यावेत?'

दुसरा एखादा माणूस असता तर स्वतःचं किंवा मुलीचं नाव सांगून मोकळा झाला असता. पण एकट्याने निर्णय घेणारा माणूस वाडीत टिकत नाही. आणि ठराव झाला होता. मी विचारपूर्वक लिहिलं की गाडी चार्जिंगला लावण्यासारख्या रोजच्या कामाला दोन्ही मंडळांच्या सचिवांची मान्यता घ्यावी, आणि नियमच बदलायचा असेल तर दोन्हीकडच्या सर्व घरप्रमुखांची घ्यावी, एकही न वगळता. त्याप्रमाणे कनिष्ठला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं. तिथे लोकांनी 'जय भीम' म्हणून त्याचं स्वागत केलं आणि त्याने प्रत्येकाला वेगळं, नावानिशी 'जय भीम' घातलं. "पोरगा चांगल्या घरचा दिसतोय," असं एकाने लिहिलंही.

पहिली गाडी पुण्याची. नवराबायको आणि त्यांची म्हातारी आई, पावसला स्वामींच्या दर्शनाला निघालेले. मी पांढरा शर्ट घालून गेलो.

"किती वेळ लागेल?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"मान्यता आली की तासाभराचं काम."

"कसली मान्यता?"

"मुंबईची."

"अच्छा, म्हणजे तुमचा सर्व्हर मुंबईला आहे."

"नाही. धम्मदीप आहे."

माझी मान्यता मी तिथल्या तिथे दिली होती. धम्मदीपची येईना. तेव्हा मला आठवलं की धम्मदीप ज्या कारखान्यात आहे तिथे आत शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तो ड्युटी संपल्यावरच मिळतो. ड्युटी दुपारी सुटणार होती आणि आत्ता सकाळ होती. मी कनिष्ठला लिहिलं, 'पाहुणे ताटकळले आहेत.' त्याने लिहिलं, 'पाहुण्यांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. मुंबई मंडळाची मान्यता प्रलंबित.' त्याचं एक अक्षर चुकत नव्हतं.

दारात आलेला माणूस उपाशी कसा ठेवायचा? प्रभावतीने बांगड्याचं तिखलं केलं होतं, त्यात भर घातली. तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. म्हातारीबाईंना नुसती पेज आणि आंबोशीचं लोणचं. जेवून ते पडवीत आडवे झाले. दुपारी उतरती उन्हं आली, धम्मदीपची मान्यता आली, आणि गाडीत वीज शिरू लागली तेव्हा त्या गृहस्थांना गदागदा हलवून उठवावं लागलं. जाताना त्यांनी मोबाईलवर शेरा लिहिला, 'चार्जिंग अतिशय मंद. बांगडा अप्रतिम. पाच तारे.'

त्याच्या पुढल्या आठवड्यात गाड्या वाढल्या. काहींना चार्जिंगची गरजच नव्हती. एका गाडीत तर पेट्रोल होतं.

"अवो," प्रभावती चुलीपुढून म्हणाली, "तुमचा चार्जर हाय का माजी खानावळ? त्या मुंबयच्या पोराला सांगा, सुट्टी काढ म्हनावं. माज्या हाताला फोड आलेत."

आणि तेजल? ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, तिचा फोन माझ्या चष्म्यासमोर धरला. "बाबा, माझी गाडी लावायलासुद्धा धम्मदीपदादाची परवानगी?"

"नियम सर्वांना सारखा."

"मग नियम बदला."

"बदलता येतो की. सर्व घरप्रमुखांची मान्यता लागते."

तिने कपाळाला हात लावला. मग तिने कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलीने सगळं तपासून सांगितलं, "मॅडम, काही प्रॉब्लेम नाही. तुमची सिस्टीम एकदम बरोबर चाललीय." मी तेजलकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर थोडं समाधान असावं, कारण ती उठून विहाराच्या पायरीवर जाऊन बसली.

काही दिवस तिने धम्मदीपच्या ड्युटीप्रमाणे आपली गाडी चालवली. तो सुटला की लावायची. मग धम्मदीपला रात्रपाळी लागली. रात्री फोन लॉकरमध्ये, दिवसा धम्मदीप झोपेत. त्याच्या बायकोला फोन केला तर ती कुजबुजत म्हणाली, "काका, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उठवू?" असं विचारल्यावर 'उठवा' म्हणणारा माणूस मी तरी नाही. आणि त्या दिवशी हायवेच्या चार्जरकडे जाता जाता तेजलची गाडी निम्म्या रस्त्यात थांबली. स्टेशनवर हॉटेलचे पाहुणे बॅगा घेऊन वाट बघत राहिले, शेवटी रिक्षाने गेले. हॉटेलवाल्याने तिला वाईट शब्दाने काही म्हटलं नाही. तो फक्त म्हणाला, "ताई, रविवारी दुपारच्या गाडीला मोठं कुटुंब येतंय. रोज वेळेवर याल अशी खात्री असेल तर त्यांना तुम्ही आणा. नसेल तर सकाळीच सांगा, मी दुसऱ्या गाडीचं बघतो, कायमचंच."

ऐरोलीच्या साहेबांनीही उत्तर मागितलं होतं. तेही रविवारपर्यंत.

रविवारी धम्मदीपला सुट्टी होती. सकाळी मी तेजलला म्हटलं, "आजची मान्यता तो देईल. लाव गाडी."

"नको," ती म्हणाली. "आजची नको मला. रोज सकाळी उठून कुणाला तरी विचारायचं, तर ते ऐरोलीतही विचारतेच की. नियम बदलला तर मी राहते. नाही बदलला तर साहेबांना येते म्हणून कळवते. रागावून नाही सांगत, बाबा."

रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रागावलेल्या मुलीला समजावता येतं. ती अंगणात गेली आणि गाडीची काच पुसू लागली, जणू ती दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायची आहे.

मी कनिष्ठला विषय दिला: 'चार्जर क्रमांक एकबाबतचे सर्व अधिकार कु. तेजल रामजी गमरे यांना देणेबाबत.' त्याने तो ग्रुपात सादर केला.

पहिली दहा उत्तरं 'जय भीम' अशी आली. कनिष्ठने दहाही जणांना जय भीम घातलं आणि लिहिलं, 'कृपया मान्य की अमान्य, ते कळवावे.' नालासोपाऱ्याहून एकाने उगवत्या सूर्याचं चित्र पाठवलं. 'चित्र प्राप्त झाले. मान्यता प्रलंबित.' दुसऱ्याने विचारलं, 'मीटिंग कधी आहे?' तिसऱ्याने विहाराच्या रंगाचा विषय काढला. मी पडवीत येरझाऱ्या घालत होतो. भागोजी कठड्यावर येऊन बसला होता. ग्रुपात तो नव्हता, पण म्हणून त्याचं काही अडत नव्हतं.

"भाऊसाहेब, यकेकाला फोन लावा. लिवल्यानं मानूस हलत नाय, आवाज आयकला की हलतो."

हेही पटलं. त्याचे सल्ले वारंवार पटू लागले होते, याची मला काळजी वाटली. मी फोन लावत गेलो. कुणी भाजी आणायला निघालं होतं, कुणी नातवाला खेळवत होतं. "हो रे, मान्य, मान्य, पण ते दाबायचं कुठं?" असं म्हणत एकेक मान्यता येऊ लागली. धम्मदीपने तर चारपाच घरांना स्वतः फोन केले. "काका, माझ्या झोपेपायी पोरीचं काम गेलं असतं," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आणि मग धोंडूआबांची हरकत आली. धोंडूआबा मुंबई मंडळातले सर्वांत वयस्क. त्यांच्या शब्दापुढे मुंबईत कुणी बोलत नाही आणि गावात कुणी श्वास घेत नाही. त्यांनी आवाज पाठवला होता. "रामजी, पोरगी गुणाची आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मुलीची जात. उद्या लग्न होऊन जाईल परगावी. मग चार्जर कुणी बघायचा? मंडळाचा अधिकार तिच्याबरोबर सासरी जायचा काय?"

कनिष्ठने लिहिलं, 'हरकत नोंदविली.' धडाधड येणाऱ्या मान्यता एकदम थांबल्या.

मी उत्तराचा मसुदा करू लागलो. 'उपरोक्त विषयास अनुसरून...' एवढं लिहून झालं तोच प्रभावती आली. हात पिठाचे होते. ती घरप्रमुख नाही, ग्रुपात तिचं नाव नाही. तिने माझ्या हातातला फोन घेतला, कुठे दाबायचं ते भागोजीला विचारलं, आणि बोलली.

"आबा, मी प्रभा बोलतंय. बुद्धपौर्निमेला तुमी येताव तवा तुमचं घर झाडलेलं असतं, माठात पानी असतं, लायटीचा बल्ब पेटतो. ता कोन करतो? मांगच्या साली येनार येनार म्हनालाव आनि गुडघा धरला म्हनून आलाव नाय, तवा तुमच्या कौलांवर पडलेली फांदी कोनी काडली? माज्या तेजूनं. तुमच्या सगळ्यांच्या चाव्या तिच्याकडं हायत, आबा. घरांच्या चाव्या तिच्याकडं चालतात, आनि येका खांबाची नाय चालत? लगीन व्हयल तवा व्हयल. तिचं तीच बघंल."

फोन माझ्या हातात परत देऊन ती आत गेली. मी आजवर कितीतरी ठराव लिहिले, पण इतका मुद्देसूद एकही नाही, हे मला कबूल करावं लागेल.

बऱ्याच वेळाने आबांचा आवाज आला. ते आधी खोकले. "प्रभा, तुझं बरोबर. मान्य. आणि तेजूला सांग, पुढच्या पौर्णिमेला मला स्टेशनवरून घ्यायला ये. रिक्षावाला फार हिसके देतो."

मग बांध फुटल्यासारख्या मान्यता आल्या. विरार, कल्याण, घाटकोपर, गावातली आमची पाच घरं. भागोजी मोठ्याने नावं वाचत होता, त्याचा काही संबंध नसताना. तेजल गाडी पुसायची थांबली होती. दुपारची गाडी गाठायची तर आता चार्जिंग सुरू व्हायला हवं, असं ती घड्याळाकडे बघून मनात हिशेब करत असावी. चार्जरचा दिवा अजून लालच होता.

"काय ओ, झालं ना सगळ्यांचं?" भागोजीने विचारलं.

कनिष्ठने लिहिलं, 'एक घरप्रमुख वगळता सर्वांची मान्यता प्राप्त. प्रलंबित: श्री. रामजी गमरे.'

भागोजीने तेही मोठ्याने वाचलं. मी दोनदा वाचलं. सचिव इतरांची मतं लिहितो. त्याला स्वतःचं मत असतं हे कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ती सोय बरी पडायची.

"बाबा," तेजल अंगणातून म्हणाली, "तुमचीच राहिलीय." ती हसली नाही. दिवाळीपासून ती या एकाच उत्तराची वाट बघत होती, हे मला त्या क्षणी कळलं, आणि धम्मदीपचा लॉकर, वीज कार्यालय, मंडळ या सगळ्यांवर मनातल्या मनात फोडलेलं खापर माझ्याच डोक्यावर आलं.

मी 'मान्य' लिहिलं.

'मान्यता प्राप्त. अंतिम मान्यतेस कारण नमूद करावे,' कनिष्ठने लिहिलं. मीच शिकवलं होतं त्याला. कारणाशिवाय माझ्या टेबलावरून कधी कागद पुढे गेला नव्हता.

मी लिहिलं, 'लोकहितास्तव.' खोडलं. 'प्रशासकीय सोयीसाठी.' तेही खोडलं. अंगणात ती उन्हात उभी होती, कपाळाला आलेला घाम कोपराने पुसत होती, अगदी प्रभावती पुसते तशी.

मी लिहिलं, 'पोर घरी हवी.' आणि पाठवलं.

ते अर्थातच सगळ्या ग्रुपात गेलं. विरारला गेलं, घाटकोपरला गेलं, धोंडूआबांकडे गेलं. इतक्या वर्षांची माझी कार्यालयीन अब्रू तीन शब्दांत मुंबईभर वाटली गेली. भागोजीने माझ्या खांद्यावरून वाकून ते वाचलं. कनिष्ठने आदेशाची प्रत, कारणासह, तेजललाही पाठवली; अंगणात तिचा फोन वाजला. तिने तो काढून वाचला. चार्जरचा दिवा हिरवा झाला.

मग तिने फोन कानाला लावला. "सर, तेजल बोलतेय," ती म्हणाली. "माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका. हो सर. घरूनच सांगितलंय."

तिने खांबावरची जाडजूड वायर उतरवली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबा, हे टोक जरा धरता काय?"

मी चष्मा काढून लुंगीला पुसला, पायरी उतरलो आणि धरलं.